हवा मानवली

बंगळूरला राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडचं कुणी भेटलं, की बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी ट्रॅफिकला शिव्या, मग घरभाड्याला, मग पाण्याच्या टँकरला. आणि समोरच्याला आपली पुरेशी कीव आली अशी खात्री पटली, की शेवटी सुस्कारा सोडून, "पण हवा मात्र काय सांगू!" समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलेलं गाव, ऐन मे महिन्यात संध्याकाळी कोसळणारा वळीव, डिसेंबरात पंधरा-सोळा अंशांवर येणारी रात्र. नागपूरचा पाहुणा एप्रिलमध्ये येतो आणि पहाटे पायाशी घडी करून ठेवलेली चादर ओढून घेतो, तेव्हा यजमानाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं की हे अख्खं पठार जणू त्यानेच उचलून एवढ्या उंचीवर ठेवलंय.

या हवेबद्दल आमच्याइतकंच चांगलं मत असलेला आणखी एक रहिवासी आमच्या घरात आहे. तो म्हणजे टोपलीतला लसूण. आम्ही ते मत तोंडाने सांगतो, तो कोंब काढून दाखवतो.

लसणाची बाजू आधी ऐकून घ्यायला हवी. आपण ज्याला फोडणीचं सामान समजतो, ते त्याच्या लेखी बियाणं आहे. शेतकरी लसणाचं बी पेरत नाही, पाकळीच लावतो. तेव्हा बाजारातून आपण अर्धा किलो मसाला घरी आणत नाही, तर रुजायला टपलेली ढीगभर बाळरोपं आणतो आणि त्यांनी आपल्या सोयीने झोपून राहावं अशी अपेक्षा धरतो. काढणी होऊन वाळल्यावर पाकळ्या दोन-तीन महिने गाढ झोपतातही. पुढचं मात्र तापमानावर. शून्याच्या आसपास ही झोप लांबते. पंचविशी-तिशीच्या वर, कोरड्या उकाड्यातही बरीच लांबते. मधल्या पाच ते अठरा अंशांच्या पट्ट्यात मात्र त्याला सगळ्यात लवकर जाग येते. आता बंगळूरच्या रात्री आठवा. जूनपासून पारा विशीच्या आसपास, नोव्हेंबरनंतर त्याच्याही खाली, वर ऑक्टोबरपर्यंत हवेत ओल. विदर्भातला लसूण मे महिन्यात सुकेल, पोचट होईल, पण बिचारा झोपेतच. आमचा डोळे उघडून खिडकीतून बाहेर बघतो.

कोरड्या उष्णतेत लसूण किती टिकतो याची कमाल इजिप्तने दाखवली आहे. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर उघडली, तेव्हा सोन्याच्या वस्तूंबरोबर आत लसणाच्या गड्ड्याही सापडल्या. तीन हजारांहून जास्त वर्षं पडून होत्या. त्या काळच्या इजिप्तमध्ये फ्रीज नव्हता आणि बंगळुरी फ्लॅटला असते तशी कपडे-भांडी धुवायची युटिलिटीही नव्हती, हे त्या लसणाचं नशीब.

कारण कोंब दिसायला लागले, की पहिला सल्ला येतो तो फ्रीजचाच. "थंडीत ठेव, टिकेल." हे निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असलेलं स्वयंपाकघरात फार नुकसान करतं. शीतगृहात लसूण सहा महिन्यांच्या वर टिकतो, पण तिथे तापमान उणे एक ते शून्य आणि हवा बऱ्यापैकी कोरडी. घरच्या फ्रीजचा भाजीचा कप्पा असतो पाच ते आठ अंशांवर, शेजारी घाम फुटलेली कोथिंबीर. लसूण लवकर उगवावा म्हणून लावणीआधी बियाण्याला मुद्दाम थंडी दाखवतात, ती जवळपास एवढीच. गड्डीला वाटतं हिवाळा आला. आपण तिला बाहेर काढून ओट्यावर ठेवतो, तेव्हा वाटतं थंडी सरली. मग ती जे करायचं ते करते, आणि आपण फ्रीजच्या कंपनीला दोष देतो.

गंमत अशी, की याच हवेत मटकीला मोड येत नाहीत. मराठी बाई मिसळीसाठी मटकी भिजवते, उपसते, फडक्यात बांधते, डब्यात कोंडते, वर टॉवेल गुंडाळते, शेवटी बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते. डिसेंबरात दोन दिवस झाले तरी मटकी ढिम्म. तिला ऊब लागते. आणि शेजारच्या टोपलीत, ज्याला कुणी बोलावलं नाही, विनवलं नाही, भिजवलं तर अजिबात नाही, तो लसूण बोटभर वर आलेला. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींनी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "मोळके बंदिदे!" मोड आलेत, या बातमीत त्यांना वाईट काहीच दिसलं नाही. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कांदा-लसूण येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे लसणाविषयी एक तटस्थ, निरोगी दृष्टिकोन आहे.

आमच्याकडे तटस्थ कुणीच नाही. सासूबाई मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येतात, त्या लसणाची जुडी घेऊनच. वाळलेल्या पातीसकट वेणी घातल्यासारखी बांधलेली, घमघमणारी, शेजारच्या बर्थवरच्या माणसाने रात्री दोनदा पाणी मागितलं एवढी जवारी. गावच्या घरात ही जुडी वाशाला टांगतात. चुलीचा धूर लागतो, वारा लागतो, ती वर्षभर टिकते. आमच्या फ्लॅटला वासे नाहीत, फॉल्स सीलिंग आहे, आणि त्याला लसूण टांगायचा विषय काढला तर घरमालक डिपॉझिटचा विषय काढेल. मग आईंनी घरभर फिरून एकमेव योग्य जागा शोधली. युटिलिटीत छताला कपडे वाळत घालायच्या नळ्या असतात, दोरीने खालीवर होणाऱ्या, त्यातल्या मधल्या नळीला जुडी बांधली. "अगं, लसूण काय डब्यात कोंडायची वस्तू आहे? त्याला वारा लागतो."

तत्त्व शंभर टक्के बरोबर. लसणाला मोकळी, कोरडी, सावलीतली हवा लागते. जाळीची पिशवी, वेताची टोपली, भोकं पाडलेलं मातीचं भांडं, काहीही चालतं. फक्त बटाट्यांशेजारी नको आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर नकोच नको. पण आमच्या युटिलिटीत खाली वॉशिंग मशीन, बाजूला भांडी घासायचं सिंक. नळी खाली यायची तेव्हा लसूण टॉवेलांबरोबर खाली यायचा, नळी वर गेली की ओल्या बनियनांच्या मधोमध लटकायचा. पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे त्याला दमट सोबत कायमची. महिन्याभरात जुडीतून हिरवी टोकं डोकावायला लागली. ऑफिसात मिटिंगला बसलेल्या नवऱ्याच्या शर्टाने त्याच्याआधी बोलायला सुरुवात केली, तेव्हा जुडीची बदली बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपाशी झाली. तिथे वारा चांगला होता, पाहुणे कमी झाले.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता, असं माझं मत होत चाललंय. लसूण निघतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. दोन-तीन महिन्यांची झोप धरली, तर त्याला जाग येते ती आषाढ-श्रावणात. आणि आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला असते कांदेनवमी! त्या दिवशी घरातला कांदा-लसूण भजी, झुणका, थालीपिठं करून संपवायचा, कारण एकादशीपासून चातुर्मास, आणि चातुर्मासात या दोघांना स्वयंपाकघरात बंदी. सात्त्विक, तामसी वगैरे शास्त्रार्थ आपल्या जागी असेल. पण जुना माल नासायच्या ऐन मुहूर्तावर तो एका दिवसात पोटात ढकलायचा आणि नवा साठा चार महिने करायचा नाही, याला व्यवस्थापन शिकलेली मुलं मोठं इंग्रजी नाव देतात आणि त्याचे पैसे घेतात. चातुर्मास न पाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या टोपलीत मात्र श्रावणात हिरवळ दाटते. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेल्या लालबागेत दर स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, काचघरासमोर रांगा लागतात. त्याच सुमारास आमचंही भरतं. तिकीट नाही, रांग नाही.

तरीही आपण साठा करतोच, कारण भाव नावाचं भूत मानगुटीवर असतं. २०२४ मध्ये लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे शेतकऱ्यांनी लसणाच्या शेतांवर सीसीटीव्ही बसवले. त्याच वर्षी इंदूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे लसूण भाजी की मसाला, हा अनेक वर्षं चाललेला वाद निकाली निघाला. लसूण नाशवंत आहे, म्हणून भाजी. हा निकाल देण्यासाठी कायद्याचा एवढा कीस पाडायची गरज नव्हती, आमच्या युटिलिटीत एक फेरी पुरली असती. भावाचा तो तडाखा ज्यांनी सोसला, ते पुढच्या वर्षी नवा माल आल्याबरोबर यशवंतपूरच्या यार्डात पिशव्या घेऊन हजर. चार माणसांच्या घरात पाच किलो! घेताना हिशेब असा, की चारशेवर गेला तर आपले एवढे वाचले. श्रावणात निम्मा फेकताना हिशेब कुणी करत नाही.

बरं, लसणाला झोपवून ठेवायला माणसाने काय कमी खटपट केली आहे? पुण्याजवळ राजगुरुनगरला या दोन भावंडांसाठी केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा ओंकार, भीमा पर्पल हे तिथलेच लसणाचे वाण, नावं ऐकून पैलवान वाटतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' हे विकिरण केंद्र उभं केलं. तिथे कोबाल्टच्या गॅमा किरणांची बारीकशी मात्रा कांद्याला देतात, म्हणजे कोंबाच्या पेशी वाढायच्या थांबतात. आपल्या नियमांत लसणालाही तशी परवानगी आहे. थोडक्यात, पाकळीने उगवू नये म्हणून देशाला अणुशक्ती वापरावी लागते, आणि आमची अपेक्षा अशी की वर्तमानपत्राच्या तुकड्याने तेच काम व्हावं.

वर्तमानपत्रापलीकडचे उपाय फॅमिली ग्रुपवर येतात. त्यातला एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "लसूण सोलून तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवा, महिनोन् महिने टिकेल!" तेलाखाली हवा पोचत नाही. आणि हवा नसलेली, आंबट नसलेली, कोमट जागा बॉट्युलिझमच्या जंतूंना फार आवडते. वास बदलत नाही, चव बदलत नाही, विष मात्र तयार होतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला असाच बाहेर ठेवलेला तेलातला चिरलेला लसूण खाऊन तीसहून अधिक माणसं आजारी पडली होती. तेव्हा तेलातला लसूण करायचाच तर थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि चारेक दिवसांत संपवावा. त्याहून साठवायची हौस असेल तर सोललेल्या पाकळ्या डब्यात घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकाव्यात. तिथे शून्याच्या खाली कोंबाचं काही चालत नाही. पाकळी जरा मऊ पडते, फोडणीला ते कळत नाही. उरला लोणच्याचा मार्ग. त्यात लिंबाच्या रसात पडलेला लसूण कधीकधी निळा-हिरवा होतो आणि घरात हाहाकार माजतो. तो लसणातल्या गंधकाच्या संयुगांचा रंग आहे, बुरशी नव्हे, आणि थंडीत राहिलेल्या लसणात तो जास्त दिसतो. आई म्हणाल्या, "दृष्ट लागली." पण खाल्लं त्यांनीच आधी.

हल्ली एक नवी पिढी निघाली आहे, जिला साठवण हा प्रकारच मंजूर नाही. तिच्याकडे फोन आहे. फोडणीचं तेल तापायला ठेवायचं, लसूण मागवायचा, दहा मिनिटांत हेल्मेट घातलेला मुलगा दारात. जाळीत बांधलेल्या शंभर ग्रॅमच्या चार गड्ड्या किंवा सोललेल्या, गुळगुळीत, नखाला सालही न लागू देणाऱ्या पाकळ्यांचं पाकीट. आईंना हे बघवत नाही. लसूण सोलणं हे त्यांच्या दृष्टीने काम नसून बैठक आहे. सूप मांडीवर, समोर मालिका, आणि सालं फुंकरून उडवता उडवता नात्यातल्या सगळ्यांची हजेरी. सोललेला लसूण आला, तर माणसं सोलायची कुठे? पण मान्य करायला हवं, की कोंबाचा प्रश्न या पोरांनीच खरा मिटवला. त्यांनी कांदेनवमी रोजची केली.

आपण मात्र साठवणारी माणसं, त्यामुळे मोड आलेल्या लसणाचं करायचं काय, हा आपला प्रश्न. घरात पहिली अफवा उठते की तो विषारी असतो. ही बदनामी बटाट्याची, लसणाच्या नावावर खपवलेली. मोड आलेल्या, हिरव्या पडलेल्या बटाट्यापासून जपावं लागतं. लसणाचा कोंब खुशाल खाता येतो. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांना तर पाच दिवस मोड आलेल्या लसणाच्या अर्कात ताज्यापेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट गुण दिसले. हे मी घरात वाचून दाखवलं. त्यानंतर आठवडाभर नवरा मोडाचाच लसूण शोधून खात होता आणि त्याने सकाळी फिरायला जायचं बंद केलं होतं.

खरी अडचण चवीची. एक पाकळी सुरीने उभी चिरून बघा. मधोमध पोपटी काडी, टोकाला गडद, बुडाशी जवळजवळ पांढरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा गर जरा मलूल, ओढून घेतल्यासारखा. साठवलेली साखर त्या काडीने उगवण्यात खर्च केलेली असते, त्यामुळे पाकळीचा गोडवा जातो आणि काडी कडवट लागते. ठेचा, कच्ची चटणी, वडापावावरची कोरडी चटणी यांसाठी ती काडी सुरीच्या टोकाने उचकटून काढावी. अख्खी सुटून येते, त्यात एक हलकं सुख आहे. रश्श्याच्या वाटणात ती राहिली तरी कुणी विचारत नाही. पाकळी दाबल्यावर पिचकली, आतून पिवळी-तपकिरी झाली, काळी किंवा निळसर भुकटी दिसली, तर मात्र माया न करता टाकून द्यावी. बुरशी खरवडून उरलेलं वापरणाऱ्या पिढीशी या मुद्द्यावर वाद घालू नये, गुपचूप डबा बाहेर नेऊन ठेवावा.

आणि कोंब बोटभर झाला असेल, तर हार मानून तो लावावा. रिकामा आइस्क्रीमचा डबा, बुडाला भोकं, माती. पाकळ्या टोक वर करून बोटाच्या पेराएवढ्या खोल. आठवड्यात हिरवे भाले उभे राहतात, आणखी दोन-तीन आठवड्यांत कातरायला पात तयार. ज्वारीच्या थालीपिठात ही पात आणि वर लोणी, की साठवणुकीतला सगळा पराभव विसरायला होतो. कार्तिकात बसवनगुडीला कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, बैलाच्या देवळाबाहेर रस्ताभर शेंगांचे ढीग. त्या ओल्या-वाळल्या शेंगा भाजून या पातीबरोबर कुटल्या, तर होणारी चटणी ना सोलापूरची ना बंगळूरची, पण भाकरी दोघांच्या वाटणीची संपते. गड्डी धरेल अशी आशा मात्र ठेवू नये. त्याला नीट थंडी आणि मग मोठे दिवस लागतात. बाल्कनीत फक्त पात.

आता या पातीवरून कमिटीची नोटीस आली आहे, कठड्यावर डबे ठेवू नयेत, खालच्यांच्या गाडीवर पाणी गळतं. खालच्यांनी वर येऊन तक्रारही केली. जाताना थोडी पात घेऊन गेले.

इतकं सगळं झाल्यावर मला लसणाचं फारसं चुकलं असं वाटेनासं झालंय. इथल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला जा आणि शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना विचारा, इथे कधी आलात? "अहो, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं," हे उत्तर. मग कळतं की ते एचएएलमधून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलाय, परत जायचं नक्की आहे. दर मे महिन्यात चार दिवस जाऊन येतात, उकाड्याने हैराण होतात आणि "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू" म्हणत परततात. मुलं कन्नडमध्ये भांडतात, नातवंडं कन्नडमध्ये हसतात. बॅग भरून तात्पुरतं आलेलं कुणीही इथे तात्पुरतं राहिलेलं नाही. अशा गावात एकट्या लसणाने तेवढं टोपलीत निमूट पडून राहावं, हे आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा पाव किलोच आणावा, उघड्यावर ठेवावा, संपवावा. जो उरेल आणि डोकं वर काढेल त्याला डब्यात जागा द्यावी. दहा महिन्यांचं डिपॉझिट न भरता बंगळुरात घर मिळालेला तो एकटाच असेल.